धाकट्या मशीनची चाकी

प्रिय पिटू,

हे पत्र वाचून होईपर्यंत सोबतचं चपटं पार्सल उघडू नकोस. मी त्याला मुद्दाम तीन वेढे चिकटपट्टी लावली आहे, तुला कात्री शोधायला लागावी म्हणून. तुझी घाई मला ठाऊक आहे. उघडलंच असशील तर निदान तबकडी लावू नकोस आणि आतले कागद वाचू नकोस, आधी मला वाच. चार दिवस झाले, लिहितो आणि फाडतो. तुझी वहिनी दोनदा डोकावून गेली, "अहो, बहिणीला पत्र लिहिताय की पेपर सोडवताय?" तिला काय सांगू? सातवीनंतर मी पेपर सोडवायला कधी बसलोच नाही, आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी बसलोय तो असा, की यात नापास झालो तर तू मला पुन्हा दादा म्हणणार नाहीस. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू मधेच "असू दे रे दादा" म्हणतेस आणि मी लगेच असू देतो. जन्मभर तेच केलं. म्हणून कागद.

तब्येत बरी आहे. रक्तदाब जरा वर गेलाय, तो या पत्रामुळे असेल. डाव्या कानात शिट्टी वाजते ती वाजतेच. तू करून दिलेला चष्मा वापरतो. त्या चष्म्याचंही एक सांगायचं राहिलंय. तुझ्या दुकानात तू मला तक्त्यासमोर बसवलंस, "दादा, खालची ओळ वाच" म्हणालीस, तेव्हा मी ती ओळ वाचलीच नव्हती. माझ्या आधीचे गृहस्थ मोठ्याने वाचत होते, ती ऐकून पाठ केली होती. नजर अधू निघाली तर तू काळजी करत बसशील, घराबाहेर पडायची बंदी करशील, असं काहीबाही मनात आलं. नंबर अर्थातच चुकला. सहा महिने मी जिना चाचपडत उतरलो आणि तुला म्हणत राहिलो, झकास दिसतंय. हसशील तर हस. भित्रा माणूस कसकशात लबाडी करतो ते तुला कळावं म्हणून सांगितलं. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

मागच्या महिन्यात रेकॉर्ड कंपनीची बाई माझ्याकडे आली होती. तू तिचा फोन दोनदा ठेवून दिलास म्हणे. तिसऱ्यांदा ती कोणाकडे जाणार? 'थंड दिवे' पुन्हा काढताहेत, पिटू. चाळीस वर्षांनी. आपण चौघांनी टायरच्या दुकानाखालच्या त्या तळघरातल्या स्टुडिओत केलेली आठ गाणी. तू गाणारी, बटणराव सिंथेसायझरवर, ठोक्या त्याच्या त्या तालाच्या डबड्यावर, आणि मी मशीनवाला, ज्याचं नाव कव्हरवर सर्वांत खाली बारीक अक्षरात आहे. बाई म्हणाली, कोणकोणत्या देशांतली पोरं ती गाणी अजून ऐकतात, जुनी तबकडी मिळावी म्हणून एकमेकांशी भांडतात. मला खरं वाटेना. मी म्हटलं, आमच्या वेळी तर लोक म्हणायचे, हे कसलं गाणं, फ्रिज चालू राहिल्यासारखं वाटतंय. ती हसली. मग तिने रिमास्टर म्हणजे काय ते समजावलं. मूळच्या टेपा शोधायच्या, जपून चालवायच्या, त्यांच्यावरची खरखर झाडायची आणि त्यांतून नवी तबकडी काढायची. मी विचारलं, कुठली, शेवटची एकच ना? ती म्हणाली, नाही काका, सगळ्याच सापडल्या. पहिल्यासुद्धा.

तुला आठवत असेल, पण तुझं लक्ष गाण्यात असायचं, मशीनमध्ये नसायचं, म्हणून पुन्हा सांगतो. आपल्याकडे टेपेची दोन मशीनं होती. थोरलं आणि धाकटं. थोरल्यावर सगळं सुटंसुटं भरायचं, तुझा आवाज वेगळा, सिंथ वेगळा, ठोके वेगळे. मग बटणराव दोन दिवस मान वाकडी करून कोण किती मोठं, कोण किती बारीक ते ठरवायचा आणि ते सगळं एकत्र होऊन धाकट्यावर उतरायचं. ती धाकट्याची टेप तबकडीच्या कारखान्यात जायची. लोकांनी चाळीस वर्षं जे ऐकलं ते धाकट्याचं. थोरल्याच्या टेपा स्टुडिओच्या मालकाने कपाटात टाकल्या, पुढे मालक गेला, कपाट कुठे गेलं कोणास ठाऊक. मी निर्धास्त होतो. त्या बाईला त्या कोणाच्या तरी माळ्यावर सापडल्या, ओल न लागता.

तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर छोटं यंत्र मांडलं, माझ्या उजव्या कानाकडचा आवाज वाढवून दिला आणि 'सातवा मजला' लावलं. पिटू, ती तू होतीस. तबकडीवरची नव्हे. तू. कपडे वाळत घालताना गायचीस तशी. भरलेला, किंचित खरबरीत आवाज, पायाखाली जमीन असलेला. तबकडीवर तो कसा आहे? बारीक, काचेचा, दहा वर्षांच्या मुलीचा असल्यासारखा. लोकांना तोच आवडला, तोच माहीत. बाईने गाणं थांबवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काका, थोरल्या टेपेवर हे गाणं चार मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. तबकडीवर तेच तेरा सेकंदांनी कमी भरतं, आणि जवळजवळ एक पट्टी वर. आठही गाण्यांचं तसंच. हे कसं झालं?" मी तिच्याकडे पाणी मागितलं. माझ्याच घरात, पाहुणीकडे. तांब्या माझ्या कोपराशी होता.

आता सांगतो. ज्या दिवशी शेवटची जुळणी धाकट्यावर उतरवायची होती, त्या सकाळी धाकट्याची चाकी चिरलेली निघाली. मोटरवरची छोटी चाकी, जिच्यावरून पट्टा फिरतो आणि टेप पुढे सरकते. मालक गावाला गेला होता, दुसऱ्या दिवशी परतायचा होता. त्याला मोडलेलं मशीन दाखवायची माझी छाती नव्हती. आधीच्या मशीनवाल्याला त्याने एका तुटलेल्या बटणावरून हाकललं होतं, आणि मला ती नोकरी कशी मिळाली तुला माहीत आहे, पुढे शिकलेल्या चार जणांना डावलून. मी भंगारच्या खोक्यातून एका जुन्या मशीनची चाकी काढली, बसवली. बसली. फिरली. एक मिलिमीटर लहान असेल, डोळ्याला कळणार नाही इतकी. नियम असा होता, की काही बदललं की खुणा केलेली टेप लावून घड्याळ धरायचं, अर्ध्या मिनिटात ती खुणेपाशी पोचते का बघायचं. मी घड्याळ धरलं नाही. बटणराव आला होता, ठोक्या जिन्यात शिट्टी वाजवत होता, तू पायातली एक चप्पल काढून बसली होतीस. मी म्हटलं, चला.

चाकी लहान, म्हणून टेप हळू सरकली. आणि त्याच मशीनवर परत ऐकली तेव्हाही हळूच सरकली, म्हणून सगळं बरोबर ऐकू आलं. घरातलं घड्याळ मागे असलं आणि आपणही त्याच घड्याळाने निघालो तर आपल्याला उशीर झालाय हे गाडी चुकल्यावरच कळतं, तसं. कारखान्यातलं मशीन शहाणं होतं. त्याने आपली टेप योग्य वेगाने, म्हणजे आपल्यापेक्षा भरभर चालवली. तबकड्या निघाल्या त्या तशा.

तबकड्यांची पहिली पेटी आली तो दिवस तू विसरली नसशील. बटणरावाने घरून मिठाई आणली होती. तबकडी लागली, तुझा आवाज आला, आणि तू माझा दंड धरलास. म्हणालीस, "दादा, ही मी नाही." बटणराव म्हणाला, "अगं, स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. मला माझा फोटोसुद्धा दुसऱ्याचा वाटतो." ठोक्या म्हणाला, "तो दुसऱ्याचाच असेल, तू एवढा बरा दिसत नाहीस." सगळे हसले. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तू दुसऱ्या कोणाकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, छान आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कामावर यायच्या आधी मी तळघरात गेलो, खुणांची टेप लावली, घड्याळ धरलं. टेप खुणेपाशी पोचलीच नाही. तीनदा धरलं. मग दुरुस्तीवाल्याकडून बरोबर चाकी आणवून बसवली आणि लहान चाकी येताना गटारात टाकली. म्हणजे मला कळलं होतं, पिटू. तबकडी निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात. पुढचं सगळं मी माहीत असून केलं.

पुढचं म्हणजे कार्यक्रम. पहिल्या कार्यक्रमानंतर लोक बटणरावाला म्हणाले, तबकडीवर जी चमक आहे ती इथे नव्हती, गाणं पडल्यासारखं वाटलं. तो हैराण झाला. मला म्हणाला, "मशीनवाल्या, सिंथ उतरलाय बहुतेक, तबकडीशी लावून घे." तो सिंथ गरम झाला की सूर सोडायचा, मी त्याच्याशेजारी टेबलफॅन लावून बसायचो, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. सूर जुळवायला माझ्या खिशात लोखंडी चिमटा होता, ठोकला की एकच सूर देणारा, कधीही खोटं न बोलणारा. मी चिमटा काढला नाही. मी तबकडी लावली आणि सिंथची कळ तिच्या सुरापर्यंत वर पिळली. कारण चिमट्याने लावलं असतं तर तबकडी चुकली हे तिथल्या तिथे उघड झालं असतं. दुसऱ्या कार्यक्रमात तू कशीबशी निभावलंस. तुझ्या गळ्याच्या शिरा टेबलफॅनच्या मागून मला दिसत होत्या. उतरल्यावर म्हणालीस, "आज वरचा सूर लागेना रे, काय झालंय मला?" मी म्हटलं, दमलीस.

तिसऱ्या कार्यक्रमात 'सातवा मजला'च्या शेवटच्या ओढीला तुझा आवाज फुटला. मी हे लिहायला नको, तुला माहीत आहे. पण मी कुठे होतो ते तुला माहीत नाही. माझा हात त्या कळीवर होता. गाण्याच्या आधी मी ती थोडी खाली आणली होती, आणि मग बटणरावाने भुवई उंचावली म्हणून परत वर नेली. त्याच्या एका भुवईला भ्यालो. मागून कोणी तरी ओरडलं, "ताई, राहू दे, रेकॉर्डच लावा!" आणि सगळं सभागृह हसलं. तू ते गाणं पुरं केलंस. त्या हसण्यात उभी राहून पुरं केलंस. मग आत आलीस, कपड्यांच्या ढिगाऱ्यावर बसलीस, मी पाणी दिलं. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. "तुझा आवाज बरोबर आहे, तबकडी चुकली आहे." एवढंच. मी म्हणालो, "तुझा गळा बसलाय, पिटू. थोडे दिवस गाऊ नकोस."

तू माझं ऐकलंस. तू नेहमी माझं ऐकायचीस. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही नाही, तरी तू माझं ऐकलंस. लोक म्हणत राहिले, त्या पोरीला गाताच येत नाही, मशीनने केलेला आवाज आहे, आणि तू त्यांचंही ऐकलंस. बटणराव दोन वर्षं तुझ्या दारात खेटे घालत होता, मग तोही थांबला. तू चष्म्याच्या दुकानात लागलीस. छत्तीस वर्षं लोकांना खालची ओळ वाचायला लावलीस. भाची झाली तेव्हा रात्रंदिवस रडायची, आणि तू तिला थोपटायचीस, पण गुणगुणायची नाहीस. मी पाळण्यापाशी बसून हे बघितलंय. माझ्या जिभेवर ते आलं होतं. तेवढ्यात तू मान वर करून म्हणालीस, "तू होतास म्हणून मी त्यातून निभावले, दादा." संपलं. त्यानंतर ते सांगणं म्हणजे तुझ्याकडून ते वाक्यही हिसकावून घेणं होतं. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली. मनाला पटेल असं कारण शोधण्यात मी कधी कमी पडलो नाही.

नोकरीचं कारण होतं, ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं. मालकाने पुढे तळघर विकलं, मी पंखे-मिक्सर दुरुस्त करायला लागलो, तेव्हा मला कोण हाकलणार होतं? तरी गप्प. प्रत्येक वर्षी न सांगणं थोडं अवघड व्हायला हवं होतं, ते सोपं होत गेलं. फक्त कुठे ती गाणी लागली की मी खोलीतून उठायचो. तुझ्या वहिनीला वाटतं मला तुझ्या दुःखाची आठवण होते म्हणून उठतो. ती हे चारचौघांत सांगते, भाऊ असावा तर असा.

त्या बाईने विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. परक्या माणसाला, ज्याचं नाव मला पाहुणी उठून गेल्यावर आठवेना. चाकीपासून चिमट्यापर्यंत. तिने टेबलावरचं यंत्र आवरलं. मग म्हणाली, दोन्ही प्रकार छापता येतील, एका तबकडीवर लोकांच्या ओळखीचा तो बारीक आवाज, दुसरीवर खरा. किंवा नुसता खरा. किंवा काहीच नाही. पण गाणारीची सही हवी. पार्सलमध्ये दोन्ही नमुने आहेत. लाल चिठ्ठीची तबकडी खरी. तुला वाटेल त्या खोलीत, दार लावून, एकटी ऐक. मी कुठलं निवड असं म्हणणार नाही. तुझ्या आवाजाबद्दल तुला सल्ला द्यायचा माझा हक्क त्या कपड्यांच्या ढिगाऱ्यापाशीच संपला. आणि भाचीला राग येईल तेव्हा तिला आवरू नकोस.

आता खरं ते, ज्यासाठी हे पत्र आजच टाकायचं आहे. वर लिहिलंय त्यातलं काहीही तुला एरवी कधी कळलं नसतं. नव्या तबकडीसोबत जी छोटी पुस्तिका जाणार आहे तिच्या छापायच्या पानात बाईने लिहिलंय, "मूळ तबकडी यांत्रिक बिघाडामुळे जादा वेगाने निघाली होती." माझं नाव नाही, चाकी नाही, चिमटा नाही. तिने माझ्या वयाकडे बघून दया केली असेल. मला वाचून दाखवलं, विचारलं, चालेल ना काका? मी म्हटलं, चालेल, आणि खाली सही केली. ती जिना उतरेपर्यंत मला हलकं वाटलं. मग डोळ्यांसमोर तू आलीस. तू ते पान वाचणार, लाल चिठ्ठीची तबकडी ऐकणार, चाळीस वर्षांनी तुला तुझा गळा परत मिळणार, आणि त्या आनंदात तू सगळ्यांत आधी कोणाला फोन करणार? मला. म्हणणार, "बघ दादा, मशीनचा दोष होता. ना तुझा, ना माझा. उगाच आपण दोघं झुरलो." तू माझी समजूत घालणार. ते मला सोसणार नाही, पिटू. बाकी सगळं सोसेन, बोल, बोलू नकोस, दार लावून घे. म्हणून बाईला परत बोलावलं आणि त्या पानावरची माझी सही खोडली. "यांत्रिक बिघाडामुळे" यावर रेघ मारून तिथे माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, "मशीनवाल्याने चुकीची चाकी बसवली आणि कळल्यावरही सांगितलं नाही, त्यामुळे." ते पान पार्सलमध्ये सर्वांत वर ठेवलंय. छापायचं की नाही ते तू ठरव. मशीन बरोबर होतं. तू बरोबर होतीस. कात्री स्वयंपाकघरात डावीकडच्या खणात असते तुझी.

तुझाच,
दादा